साक्षगंधाचा गाऊन सैल होतोय, घरीच फिटिंग करता येईल का?

संत्रेवाली | २ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. लहान बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, १४ मेला आहे. त्या दिवशी घालायला वाईन रंगाचा पायघोळ गाऊन आहे. आत सॅटिन, वरून नेट, छातीवर मोती आणि टिकल्यांचं काम, नेटच्या छोट्या बाह्या, डाव्या बगलेखाली चेन. आतून अस्तर आहे. गाऊन सुरेख आहे, पण तिला चारी बाजूंनी सैल होतो.

टेप घेऊन मोजलं. गाऊनची छाती ३८, तिची ३४. गाऊनची कंबर ३३, तिची २८. गळा पुढून उघडा पडतो. उंची चपलेसकट अडीच इंच जास्त आहे, जमिनीवर लोळतो. तालुक्याच्या टेलरकडे गेले तर त्यांनी पंधरा दिवस सांगितले. लग्नसराई आहे, त्यांच्याकडे कपड्यांचा ढीग पाहिला, त्यांना तरी काय म्हणणार.

घरी आईची पायाची मशीन आहे. मला परकर, अभ्रे, साधा कुर्ता शिवता येतो. असं भारी कापड कधी हातात घेतलं नाही. बहीण रोज एकदा गाऊन घालून आरशापुढे उभी राहते आणि काही न बोलता काढून ठेवते. मला ते पाहवत नाही. घरी जमेल का? सुरुवात कुठून करू?

पऱ्हाटी | २ मे, रात्री १०.०५

जमते वं माय, काहून नाही जमन! मी माह्या नणंदेचा घागरा असाच घरी बसवला होता. फक्त कात्रीले हात लावू नको. बाकी सगळं उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही.

शिवणघर | २ मे, रात्री ११.२०

ताई, नक्की होईल. मी पुसदकडच्या खेड्यात सोळा वर्षांपासून शिवणकाम करते. लग्नाच्या दिवसांत नवं शिवण्यापेक्षा रेडिमेडची फिटिंग करून देण्याचंच काम जास्त येतं, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी गाऊन उलटा करून बहिणीच्या अंगावर चढवा. आतले कपडे आणि चप्पल त्या दिवशी घालणार तेच घालायला सांगा. यात फरक पडला की छातीचं आणि उंचीचं, दोन्ही मापं चुकतात. उलटा घातला की डावी बाजू उजवीकडे येते हे ध्यानात असू द्या, म्हणजे चेनची बाजू कुठली याचा घोळ होणार नाही. सॅटिनला टाचणी टोचली की खूण राहते. म्हणून जो भाग शेवटी मायेत, म्हणजे शिलाईच्या आत राहणाऱ्या जादा कापडात, जाणार आहे तिथेच टाचा.

आता हिशेब. छाती ३४ आहे, पण श्वास घ्यायला, वाकून पाया पडायला दीड इंच सैल हवं, म्हणजे साडेपस्तीस. ३८ मधून अडीच इंच कमी करायचे. हे अडीच इंच चार ठिकाणी वाटले जातात, दोन्ही बाजूंचा पुढचा पदर आणि मागचा पदर. एका पदराला पाच सूत आले (आठ सुतांचा एक इंच). नवशिक्या मुली इथेच चुकतात. अडीच इंच कमी करायचे म्हणून दोन्हीकडे अडीच-अडीच दाबतात आणि मग गाऊन डोक्यातून खाली उतरत नाही.

कंबरेला एक इंच सैल ठेवलं तर २९. ३३ मधून चार इंच काढायचे. चारही इंच बाजूच्या शिलाईत घेतले तर छातीखाली आडव्या चुण्या पडतील. बाजूंनी दोन इंच घ्या, म्हणजे पदराला चार सूत, आणि उरलेले दोन पाठीवरच्या दोन टक्समध्ये, म्हणजे आतून चिमटून शिवलेल्या उभ्या घड्यांत, घ्या, एकेकात एक इंच. टक्स कंबरेवर रुंद आणि वर-खाली निमुळता होत संपवायचा. टोकाला मशीन मागेपुढे करून पक्कं करू नका, तिथे गोळा येतो. दोऱ्याची दोन टोकं हाताने गाठ मारून बांधा.

क्रम असा: गळा-खांदा, मग छाती आणि कंबर, उंची सगळ्यात शेवटी. खांदा उचलला की उंची बदलते. आधी खालून दुमडून बसलात तर गाऊन आखूड होईल.

काळीमाती | ३ मे, सकाळी ७.१५

वरची ताई बरोबर सांगून रायली. माझे वडील अचलपुरात टेलर होते. एक इंच म्हणजे आठ सूत, हे पाढ्यांच्या आधी शिकलो.

माझ्याकडून सुईचं सांगतो. घरच्या मशीनला बहुतेक १६ नंबरची सुई लावलेली असते, कारण तिच्यावर जाडंभरडं शिवलं जाते. ती सॅटिनवर चालवू नका. ११ नंबर लावा. पाकिटावर ७५/११ लिहिलेलं असते, त्यातलं ७५ म्हणजे सुईची जाडी ०.७५ मिलिमीटर. १६ नंबरची पूर्ण एक मिलिमीटर. भोकात किती फरक पडन तुम्हीच पाहा. आणि सुई नवी घ्या, टोक बोथट असन तर सॅटिनचे धागे ओढले जातात.

मोत्याचं काम शिलाईच्या रेषेत येत असन तर तिथले मोती आणि टिकल्या आधी काढून घ्या. काढताना दोरा सरळ कापू नका, पुढचे सगळे गळतात. कापड उलटं करून पहिले तिथं गाठ मारा, मग पाहिजे तेवढेच मोती काढा. वाटीत जपून ठेवा, शेवटी हातानं परत टाकता येतात. सुई मोत्यावर आपटली तर तुटून डोळ्यात उडू शकते. वडिलांच्या हाताखाली शिकायला आलेल्या एका पोराले लागता लागता राहिलं होतं.

वडसाकडची | ३ मे, सकाळी ११.००

मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. साधा कुर्ता शिवणाऱ्या हातानं पहिल्यांदाच सॅटिन-नेटचा गाऊन घेणं मला धोक्याचं वाटतं, तेही दहा-अकरा दिवसांवर कार्यक्रम असताना. मी भाचीच्या नामकरणाला माझा अनारकली घरी दाबला. उभ्यानं छान बसला, म्हणून बाजूची माया कापून इंटरलॉक करून आणलं. कार्यक्रमाच्या दिवशी पाटावर बसायला गेले तर बगलेतून टरकला. सोडायला माया उरलीच नव्हती. दिवसभर पदरासारखी ओढणी धरून बसले.

टेलरला जास्तीचे पैसे द्या, आर्जव करा, शेजारच्या गावात विचारा. पण त्याच्याचकडून करून घ्या.

शिवणघर | ३ मे, दुपारी १२.१०

ताई, तुमचा अनारकली मशीननं नाही, कात्रीनं घालवला. आणि माप उभ्यानंच घेतलं होतं. फिटिंग बघताना बसून, वाकून, हात वर करून बघावं लागतं. नवरीला तर पन्नास जणांच्या पाया पडायचं असतं.

नागपूरचा_चुलता | ३ मे, दुपारी ३.३०

मंडळी, १४ मे! आमच्याकडे आत्ताच दुपारी पंख्याखाली बसवत नाही. ब्रह्मपुरी-चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या वर जाणारे दिवस हे. रेडिमेड गाऊनला पॉलिस्टरचं अस्तर असते, घाम जिरत नाही. पोरगी मंडपात भाजून निघन. फिटिंगसोबत अस्तरही बदला, सुती मलमल लावा.

ज्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली, ज्या मातीत एवढा कापूस पिकते, तिथल्या लेकी उन्हाळ्याच्या लग्नात पॉलिस्टर घालून फिरतात. मले खरंच वाईट वाटते.

पऱ्हाटी | ३ मे, दुपारी ३.५०

काका, भाव भेटू द्या, मग आमीच पोरीले कापसाचा गाऊन शिवून घालतो!

शिवणघर | ३ मे, सायंकाळी ६.००

काकांचं म्हणणं खरं आहे, पण पूर्ण अस्तर बदलणं म्हणजे गाऊन जवळजवळ नव्यानं शिवणं. एवढ्या दिवसांत नको. त्याऐवजी जुन्या मऊ सुती साडीचे किंवा धोतराचे दोन अर्धगोल तुकडे घ्या, दुहेरी करा आणि बगलेत अस्तराला हाताने कच्चे टाका. घाम ते पितात, सॅटिनवर डाग येत नाही. कार्यक्रमानंतर ओढून काढता येतात.

संत्रेवाली | ४ मे, सकाळी ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून सगळं वहीत उतरवलं. एक गोष्ट पहिल्या दिवशी लिहायची राहिली, आता लिहिणं गरजेचं वाटतं. गाऊन आमचा नाही. मामेबहिणीनं तिच्या रिसेप्शनला अमरावतीहून घेतला होता, तिनं प्रेमानं बहिणीला घालायला दिलाय. म्हणजे नंतर परत द्यायचा आहे.

वडसाकडची | ४ मे, सकाळी ८.४५

मग तर हातच लावू नका!

काळीमाती | ४ मे, सकाळी ९.३०

हे आधी सांगितलं असतं तर मी मोती काढायचं लिहिलं नसतं. सॅटिनची अडचण हीच आहे. शिलाई उसवता येते, पण तिची भोकं राहतात. आज आत दाबलेली पाच सुतांची पट्टी उद्या बाहेर आली की बगलेखाली ठिपक्यांची ओळ दिसन.

एक करा. गाऊनच्या आत, कुणाले दिसणार नाही अशा मायेवर ११ नंबरच्या सुईनं दोन बोटं लांब टीप मारा. उसवा. वर ओलसर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री द्या, नखानं हलकेच घासा. भोकं कितपत बुजतात ते डोळ्यानं पाहा, मग ठरवा. आमच्या सांगण्यावर जाऊ नका, प्रत्येक सॅटिन येगळं असते. नेटवर इस्त्री थेट ठेवू नका, आकसते.

मास्तरीण_दारव्हा | ४ मे, दुपारी १.१५

इतके लोक इतकं लिहीत आहेत, पण मामेबहिणीला कुणी विचारलं का? एक फोन लावा ताई. ती नाही म्हणाली तर पुढचं सगळं थांबवा, हो म्हणाली तर मोकळ्या मनानं सुई धरा. परस्पर दाबून, परस्पर उसवून गुपचूप परत देणं मात्र करू नका. आमच्या घरात एका शालूवरून दोन जावा आठ वर्षं बोलत नव्हत्या.

पऱ्हाटी | ४ मे, दुपारी १.३०

मास्तरीणबाई, लाख मोलाचं बोलल्या.

संत्रेवाली | ५ मे, रात्री ९.००

फोन केला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अवो ताई, लेकरू झाल्यापासून तो मलेच होत नाही. दाबा बिनधास्त. फक्त कापू नका, आणि खालचा घेर आखूड करू नका. माह्या नणंदेले पुढच्या वर्षी घालायचा हाय, ते उंच हाय." म्हणजे बाजू दाबायला परवानगी, खालून कापायला नाही. मग उंचीचं काय करू? सॅटिन दुमडता येईल, पण नेटची किनार कापलेली आणि मोत्यांची आहे, ती दुमडली तर जाडी दिसेल.

आणखी एक, डावीकडच्या चेनचं काय? सगळं उजवीकडूनच दाबलं तर चालेल का?

शिवणघर | ५ मे, रात्री १०.१५

एका बाजूनं दाबलं तर समोरचं काम मध्यावरून सरकेल आणि फोटोत गाऊन तिरका दिसेल. चेन उसवावीच लागेल. घाबरू नका, जिथे दाबायचं आहे तेवढीच उसवा, बगलेपासून कुल्ल्यापर्यंत. ब्लेड कापडाकडे नाही, दोऱ्याकडे धरा, चार-पाच टाक्यांआड एक टाका कापा आणि मग दोरा ओढा. परत लावताना आधी हातानं कच्चा टाका घाला, चेन बंद करून अंगावर बघा. मशीनला चेन लावायचा एका बाजूचा पाय नसेल तर चेन हातानंच उलट्या टाक्यानं लावा. वेळ लागतो, पण सॅटिनवर हाताची चेन मशीनपेक्षा सफाईदार बसते.

गळ्यासाठी बाही उसवू नका. खांद्याची शिलाई गळ्याच्या टोकाला चार सूत दाबा आणि बाहीकडे जाता जाता शून्यावर आणा. उघडा पडणारा गळा अंगाला लागतो.

उंचीचा उपाय कंबरेत आहे. वरचा भाग आणि घेर जिथे जोडला आहे त्याच्या लगेच खाली आडवी चुणी घ्या, सॅटिन, नेट आणि अस्तर तिन्हीला मिळून, हाताच्या टाक्यानं. एक इंचाची चुणी घेतली की दुमडून दोन इंच उंची कमी होते. चुणी झाकायला वरून कंबरपट्टा. खालच्या किनारीला सुई लागत नाही.

काळीमाती | ५ मे, रात्री १०.४०

ही चुणीची युक्ती वडील शाळेच्या युनिफॉर्मवर करायचे. पोरगी वाढली की एक चुणी उसवायची, फ्रॉक परत एक वर्ष चालायचा. गाऊनले ते सुचलं नव्हतं मले.

संत्रेवाली | ८ मे, दुपारी ४.४५

तीन दिवस इथे आले नाही, कारण दुपारची लाईट जायची आणि मी पायाची मशीन ओसरीत आणून बसायचे. काय काय झालं ते सांगते.

काळीमाती दादांनी सांगितलेली चाचणी केली. आईच्या मशीनला खरंच १६ नंबर होती. उत्सुकता म्हणून तिनं पण एक टीप मारून पाहिली. तिची भोकं इस्त्रीनंतरही चाळणीसारखी दिसतात. ११ नंबरची नखानं घासल्यावर जवळजवळ बुजली, उजेडात धरल्यावरच दिसतात.

गळा पहिल्याच दिवशी झाला. एवढ्याशा चार सुतांनी बहिणीचा चेहराच बदलला.

चेन उसवायला अख्खा दिवस लागला. परत लावल्यावर ती कंबरेच्या जोडावर अडकायला लागली. रडायला आलं. आईनं देव्हाऱ्यातली मेणबत्ती आणून दातांवर घासली, सर्रकन वर गेली. बाजूंना पाच सूत, चार सूत, सगळं सांगितलं तसं दाबलं. कच्चा टाका घालून बहिणीला पाटावर बसवलं, वाकायला लावलं, हात वर करायला लावले. छातीत किंचित आवळत होतं, म्हणून पाच सुतांचे चार केले. मग पक्की टीप मारली, माया जशीच्या तशी आत ठेवली.

आता कंबरपट्टा. वाईन रंगाचं सॅटिन गावात मिळत नाही. आजीची एक जुनी टसर साडी आहे, पदराकडे विरलेली, पण काठ अजून धड आहे. मातकट सोनेरी अंग आणि गर्द काठ, काठाला करवतीचे दात. तो पट्टा गाऊनवर शोभेल का?

वडसाकडची | ८ मे, सायंकाळी ५.१०

शोभेल? ताई, ती करवती काठाची साडी आहे! मी पहिल्यापासून नको-नको म्हणत होते, पण हे वाचून राहवलं नाही. आमच्या भागात आरमोरीला टसर होतं, रानात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर किडे पोसतात, आणि भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगावात या साड्या विणतात. ते करवतीचे दात छापलेले नसतात. काठाचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवत विणतात, म्हणून काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. वाईन रंगावर खुलून दिसेल. फक्त जुन्या टसरला एकट्याला ताण सोसत नाही. मागे सुती पट्टी जोडा, मध्ये बुक्रम (कडक कापड) घाला आणि हूक त्या सुती पट्टीला लावा, टसरला नाही. विरलेला भाग पाठीमागे जाऊ द्या.

नागपूरचा_चुलता | ८ मे, सायंकाळी ६.२५

आजीचा काठ नातीच्या साक्षगंधात. वा!

पोहनेरकर | ९ मे, सकाळी १०.००

थोडं विषयांतर. इथल्या शिवणघर ताईंसारख्या बायकांनी पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घातलं का? २०२३ मध्ये सुरू झाली. अठरा कारागिरींत शिंपीकाम आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. आमच्या गावातल्या दोघींनी घेतली.

शिवणघर | ९ मे, दुपारी १.००

मी अजून नाही घातलं. माहितीबद्दल धन्यवाद दादा, गावच्या सेंटरवर विचारते.

संत्रेवाली | १५ मे, दुपारी १२.३०

काल साक्षगंध झालं. घरात अजून पाहुणे आहेत, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

गाऊन तिला अंगासरशी बसला. जमिनीपासून अर्धा इंच वर, पाय अडकला नाही. आजीच्या काठाचा पट्टा पाहून नवऱ्याकडच्या बायका तो कुठून घेतला ते विचारत होत्या. आजी पुढच्याच खुर्चीवर बसली होती. ती प्रत्येकीला सांगत होती, "माह्या लग्नाची साडी हाय ते." बगलेतल्या सुती तुकड्यांनी चांगलाच घाम प्यायला, सॅटिन कोरडं राहिलं. पाया पडताना एकही टाका तुटला नाही. मी सुई-दोरा पर्समध्ये घेऊन दिवसभर तिच्या मागे होते, उघडावी लागली नाही.

मामेबहीण आली होती. तिनं आत नेऊन गाऊन उलटा करून माया पाहिली आणि म्हणाली, "अशीच राहू दे, नणंदेले सोडून घालीन." कंबरेची चुणी आज मी उसवणार आहे, उंची तिला पूर्ण हवी.

शिवणघर ताई, टेलरकडे परत जायची वेळ आली नाही. आईनं तुमच्यासाठी निरोप दिलाय, संत्र्याचा आंबिया बहार आला की पेटी पाठवते म्हणे.

शिवणघर | १५ मे, दुपारी १.१०

संत्री मिळाली असं समजते, आईला नमस्कार सांगा. चुणी उसवल्यावर लगेच इस्त्री करू नका. गाऊन रात्रभर हँगरला टांगून ठेवा, घेराच्या वजनानं घडी निम्मी तिथेच उतरते. मग ओलसर फडकं आणि मंद इस्त्री. बगलेतले तुकडे आजच काढा, घाम वाळला की डाग धरतो.

पऱ्हाटी | १५ मे, दुपारी २.००

फोटो टाक वं माय! चेहरा नको टाकू, नुसता पट्टा तरी.

मास्तरीण_दारव्हा | १५ मे, दुपारी ४.२०

खूप बरं वाटलं वाचून. काळीमाती दादा, आता तुम्हाला विचारते. मुलाच्या कॉलेजच्या कार्यक्रमासाठी त्याच्या काकांचा ब्लेझर आहे. खांद्याला बरोबर बसतो, बाही दीड इंच लांब आहे आणि मनगटावर चार बटणं आहेत. बटणांमुळे खालून दुमडता येत नाही. वरून, मुंढ्यातून म्हणजे खांद्याच्या जोडातून, काढावी लागेल का?

काळीमाती | १५ मे, रात्री ८.०५

आधी पाहा, बटणांखाली खरी काजं आहेत की नुसती बटणं टाकलेली आहेत. नुसती असतील तर बटणं काढा, खालून दीड इंच आत घ्या आणि बटणं वर सरकवून टाका. काजं कापलेली असतील तर मात्र मुंढ्यातूनच, आणि ते घरी करू नका. मनगटाचा फोटो टाका, सांगतो.